कानामागची पट्टी

मिरजेच्या नाडगौडा मास्तरांच्या क्लासात त्या सकाळी प्रत्येकाच्या कानामागं कांद्याच्या सालीएवढी पातळ पट्टी होती, आणि इंग्रजी बोलताना सगळेच जीभ हुळहुळल्यासारखी तोंडं करत होते.

सुवार्ता आवळे त्यांतलीच. स्कॉटलंडच्या एका हॉस्पिटलात नर्सची जागा तिची वाट पाहत होती. अडलं होतं ते इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत. बोलण्याच्या भरात ती नामाआधीचा इंग्रजी ‘द’ गिळायची आणि तिथंच नापास व्हायची.

“मास्तर, नुसत्या पाण्याला ‘द’ नको, आणि मी आत्ता सांडलेल्या पाण्याला हवा? सांडलं की मान वाढतो होय?”

“ओळख झाली की मान! नुसतं पाणी कुणाचंही. हे तू सांडलेलं, सगळ्या क्लासाला ठाऊक झालेलं. आता पूस ते.”

पट्टीची करामत अशी: मनातला शब्द जिभेकडे निघाला की मज्जातंतूंतून बारीक वीज धावते. पट्टी ती वाटेतच वाचायची, मनातल्या अर्थाशी ताडून बघायची आणि जिभेला गुदगुली करून नेमक्या शब्दाकडे वळवायची. चष्मा चालतो तशी ही परीक्षेत चालायची. मास्तरांच्या बोकडानं एक पट्टी चघळली, तेव्हापासून तो ‘बें’च्या आधी ‘द’ लावतो म्हणतात. खोटं वाटत असेल तर बोकडाला विचारा.

सुवार्ताचा ‘द’ मात्र खरोखर चुकेनासा झाला.

परीक्षा पुण्यात होती. घरात मायलेकी दोघीच. आईनं डबा भरला. सुवार्तानं चप्पल पायात सरकवली.

“आई, जाते.”

आईचा हात झाकणावरच थांबला. “घरातून निघताना असं बोलतात होय गं? ‘येते’ म्हण.”

“तेच म्हणतेय.” जीभ हुळहुळली. तिनं जोर लावून पाहिला. “जाते.”

आईनं डबा खाली ठेवला.

“अगं, रात्री येणारच आहे मी! ही पट्टी इंग्रजीची. तिला मराठी काय कळतंय?”

“मन कुठल्या भाषेतलं असतं?” आईनं हळूच विचारलं. “आणि मी पुण्याचं नाही विचारत, बाळा. स्कॉटलंडचं विचारतेय.”

दोन वर्षांत परत येईन, असं सुवार्तानं आईला सांगितलं होतं. स्वतःलाही सांगितलं होतं. तिनं पट्टी ओरबाडून काढली.

“येते!”

शब्द कसा लोण्यासारखा निघाला. आई हसली. “आता यातलं खरं कुठलं धरू मी?”

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. आईनं पट्टी उचलली, पदरानं पुसली आणि लेकीचे केस बाजूला सारून स्वतःच्या हातानं कानामागं बसवली.

“आता नापास व्हायचं नाही. फक्त दारातून निघताना बोलू नकोस काही.”

रिक्षा वळणावर आली तेव्हा आई दारातच होती, हात वर करून. ‘दोन वर्षांत येते गं!’ असं ओरडायला सुवार्तानं श्वास भरून घेतला.

जिभेचं टोक हुळहुळू लागलं.

तिनं ओठ घट्ट मिटले. तोंड उघडलं तर काय निघेल, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?