रिकाम्या खोलीचा आवाज

त्या दुपारी आवाजवाला नेहमीच्याच कामाला निघाला होता. खांद्याला पिशवी, पिशवीत रेकॉर्डर, माइक आणि हेडफोन. हृदयविभागात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. "आवाजवाले आले," एवढंच सिस्टर म्हणायच्या. त्याला ते बरं वाटायचं, कारण स्वतःचा आवाज तो फारसा वापरत नसे.

काम सांगायला सोपं होतं. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेली माणसं या विभागात यायची. छाती दाबून, शॉक देऊन हृदय चालू होतं. पण मेंदू जागा होईलच याचा भरवसा नसतो. अशा माणसाला इथे थंड गाद्यांवर झोपवून ठेवत, मग हळूहळू ऊब देत आणि वाट बघत. या वाट बघण्याच्या काळात घरच्या माणसाचा आवाज कानावर पडत राहिला, तर माणूस नीट परततो का, हे मोठ्या डॉक्टरबाईंना शोधायचं होतं. म्हणून अर्ध्या पेशंटांच्या कानात घरचा आवाज आणि अर्ध्यांच्या कानात नुसती शांतता. कोणाला काय, ते संगणक ठरवायचा, आणि कळायचं फक्त आवाजवाल्याला.

"तू मुळातच बोलत नाहीस, म्हणून हे काम तुला," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

ती शांतताही त्यानेच रेकॉर्ड केली होती, अभ्यास सुरू व्हायच्या आधी. "अगदी कोरी नको," डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. "कोरी शांतता मेंदूला पोकळीसारखी वाटते. रोजच्या खोलीत असते ना, तशी हवी." तो रेकॉर्डर घेऊन इमारतभर हिंडला. कुठे लिफ्टची घरघर, कुठे ट्रॉलीची चाकं. शेवटी विभागाच्या टोकाची छोटी खोली सापडली. तीन खुर्च्या, एक टेबल, त्यावर पाण्याचा जग, ग्लास आणि कागदी रुमालांचा खोका. दार जाड होतं. नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची ती खोली. त्याने टेबलावर रेकॉर्डर ठेवला, दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसला. आत कोणी गेलं नाही, आतून कोणी आलं नाही.

आज ज्या बाईंचा आवाज घ्यायचा होता, त्या शिवणकाम करायच्या. ओढणीला अजून टाचण्या तशाच टोचलेल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कामावरच कोसळला आणि सोबतच्या हेल्परने रुग्णवाहिका येईपर्यंत त्याची छाती दाबत ठेवली. नणंद शेजारी बसली होती.

"काय बोलू?" बाईंनी विचारलं.

"घरी बोलता तसंच, ताई."

त्यांनी माइककडे बघून घसा साफ केला. "अहो... ऐकताय का? मी बोलतेय. तुम्ही लवकर बरे व्हा... आम्ही सगळे तुमची वाट..."

"वहिनी," नणंद म्हणाली, "इतकं गोड बोललीस तर दादाला वाटेल, बायको बदलली. तो घाबरून परत यायचाच नाही."

बाई हसल्या आणि त्यांना सूर सापडला. मग त्या मनसोक्त बोलल्या. मशीनचा पट्टा तुटलाय, तो कोण बसवणार? लेकीने केस कापलेत, कोणाला विचारलं नाही की काही नाही. "आणि जगभरच्या लिफ्ट दुरुस्त करता, आपल्या बाथरूमची कडी तेवढी तशीच. उठा आता. पुरे झालं लोळणं." एकदाही रडल्या नाहीत.

आवाजवाल्याला वाटलं, इतका चांगला आवाज आपण आजवर घेतलाच नव्हता. वर जाऊन त्याने संगणकावर पाहिलं. लिफ्टवाल्याच्या वाट्याला शांतता आली होती.

 त्याने रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग यंत्रात भरलं आणि ते सिस्टरच्या हाती दिलं.

पुढे रोज काचेपलीकडे बाई दिसायच्या. नवऱ्याचे थंड पाय चादरीवरून चोळत बसलेल्या. त्याला पाहिलं की बाहेर यायच्या.

"भाऊ, माझा आवाज पोचतोय ना त्यांना?"

"सांगता येत नाही, ताई. अर्ध्याच लोकांना..."

"सही करताना सांगितलं होतं ते. पण तुम्हाला ठाऊक असेल ना?"

तो पिशवीचा पट्टा नीट करत राहायचा. बाई रागावत नसत. नुसत्या म्हणायच्या, "मला तो माणूस परत हवाय, भाऊ. बाकी कोणाला काय कळायचं ते कळू दे."

आणि लिफ्टवाला परत आला. आधी बोटं हलली, मग डोळे उघडले. घशातली नळी काढल्यावर त्याने बायकोला ओळखलं, लेकीचे कापलेले केस पाहून भुवई उडवली. डॉक्टरबाई क्वचितच हसत, त्याही हसल्या.

आवाजवाला कोपऱ्यात यंत्राच्या वायरी गुंडाळत होता. तेव्हा लिफ्टवाला बसलेल्या आवाजात बायकोला म्हणाला, "केवढी रडत होतीस तू..."

"मी? मी कुठे रडले? मी तर शिव्या घालत होते."

"रडत होतीस. सारखी. म्हणून तर मागे फिरलो."

"औषधांनी होतं असं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

आवाजवाल्याच्या हातातली वायर तिथेच थांबली. हे वाक्य त्याने आधी ऐकलं होतं. एका म्हाताऱ्या मास्तरांनी शुद्धीवर आल्यावर लेकीला हेच विचारलं होतं, इतकी का रडत होतीस म्हणून. लेक हसून म्हणाली होती, मी तर तुम्हाला बातम्या वाचून दाखवत होते. मास्तरांच्या कानातही शांतताच होती. ते चालत घरी गेले. काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा आणलं, आणि त्या वेळी ते उठले नाहीत. टोकाच्या खोलीवरून जाताना त्या जाड दारातूनही लेकीचं रडणं त्याला ऐकू आलं होतं. तेव्हा त्याने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या नव्हत्या. कोण जोडेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी त्याला गाठलं.

"भाऊ, त्यांच्या कानात काय लावलं होतंत?"

"ताई, मला..."

"रात्री मला म्हणाले, तू अशी रडत होतीस, जणू मी गेलोच आहे. चेष्टा करत नव्हते. मला ऐकायचंय."

नाही म्हणायला हवं होतं. नियम होता तसा. पण खरं कारण नियम नव्हतं, भीती होती. आणि भीतीमुळे कोणाला नाही म्हणायची त्याला लाज वाटली. शिवाय ऐकून बाईंची खात्री पटेल की त्यात काहीच नाही, तर आपलीही पटेल, असंही त्याला वाटलं. विभागात कुठेच जागा नव्हती. रिकामी होती ती टोकाची एकच खोली.

आत फिनाइलचा वास होता, आणि त्याखाली दुसरा, ओल्या कपड्यांसारखा. दार मिटलं तसे बाहेरचे आवाज कापल्यासारखे थांबले. बाई खुर्चीत बसल्या. त्याने आधी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले. बारीकशी घुमघुम. खोली नुसती श्वास रोखून बसलेली. दुसरं काही नाही.

"बघा ताई, काहीच नाही," म्हणत त्याने ते त्यांच्या हाती दिले.

बाईंनी हेडफोन लावले. काही क्षण त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांची मान हळूच तिरपी झाली, शेजारच्या घरातलं कोणी बोलत असावं तशी.

"खुर्ची ओढली कोणीतरी..." त्या कुजबुजल्या.

"कोणी नव्हतं, ताई. मी बाहेरच बसलो होतो."

"बाई रडतेय."

"ताई, काढा ते..."

"मीच आहे ती." त्यांचा आवाज इतका खाली गेला की त्याला पुढे झुकावं लागलं. "माझाच आवाज आहे, भाऊ. मी म्हणतेय... आत्ता तर बोलत होते माझ्याशी... आत्ता तर चांगले होते..." त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. "कधी केलंत हे?"

"अभ्यासाच्या आधी. तुमची-आमची ओळखही नव्हती तेव्हा."

"तुम्हीपण आहात यात."

  काय करावं ते न कळून, अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केलं. जगमधलं पाणी ग्लासात ओतलं, ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाला, "थोडं पाणी घ्या, ताई."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी हेडफोन काढले आणि हाताला चटका बसावा तसे टेबलावर टाकले.

"हेच..." त्या म्हणाल्या. "हेच म्हणालात तुम्ही. अस्संच."

त्या जाड दारातूनही ऐकू आलं, बाहेर कोणी धावत गेलं. मग आणखी कोणी. एक ट्रॉली जोरात वळली. बाई उठायला गेल्या. खुर्ची फरशीवर करकरली, आणि त्या परत खाली बसल्या. धावपळ किती वेळ चालली ते त्याला कळलं नाही. दार उघडून बघायला हवं होतं. दोघांपैकी एकालाही ते जमलं नाही. मग सगळं शांत झालं. त्या शांततेत संथ पावलांचा आवाज जवळ येत गेला आणि दाराबाहेर थांबला.

दोघं दाराच्या कडीकडे बघत राहिले.

टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून तेव्हा पहिल्यांदाच आवाजवाल्यालाही काहीतरी ऐकू आलं. कडी फिरली, जड दार उघडलं, आणि डॉक्टरबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "बसा ना..."

समोरचं दार अजून बंदच होतं.