सातशे वॅटचा आकडा

"अरे बंद कर! बंद कर! धूर निघून राह्यला!"

मच्छिंद्रच्या ओरडण्यानं वडीगोद्रीच्या शाळेचं मैदान दणाणलं. बेबीनंदानं रिमोटचा खटका सोडला, पण उशीर झाला होता. लाल गाडीच्या टपाखालून जळका वास आला. उन्हाळी शिबिरातली दुसरी मोटार गेली! आता एकच उरली, आणि जालन्याची रिमोट गाड्यांची स्पर्धा उद्यावर आलेली.

काकासाहेब सर धावत आले. "परत तूच! काल तू, आज तू!"

"सर, चारच मिनिटं चालवली—"

"बास! उद्या गाडी मच्छिंद्र चालवल. तू तिला हातबी लावायचा न्हाई. तुझ्या आईला निरोप धाडतो!"

निरोप खरंच गेला. तिची आई प्रभावती मोसंबीच्या बागेत मजुरीला होती. चार बायांसमोर तिला ऐकावं लागलं, की तुमच्या पोरीनं शिबिराच्या दोन मोटारी जाळल्या. बेबीनंदाच्या अंगाचा भडका उडाला. काही बिघडलं की आधी लेकराला धरायचं, त्यातही जिची आई मजुरी करते तिला! कुठली ही रीत? तपास नाही, विचारणं नाही!

ती रडली नाही. सरांची पाठ वळताच मच्छिंद्रला म्हणाली, "टप उघड. हात तुझे, डोकं माझं."

"वा! म्हंजे शिव्याबी माझ्याच!"

मोटारीच्या दांड्यावर छोटं दातेरी चाक होतं. बेबीनंदा लांबूनच दाते मोजू लागली. "अठरा, एकोणीस... एकवीस! मच्छ्या, आपण तेरा दात्यांचं बसवल्तं!"

"दोन दिवसांत आठ दाते आले? माझ्या बारक्या भावाला तर वर्षात चारच आले!"

"गप! कोणीतरी चाक बदललंय. मोठ्या चाकानं गाडी जोरात पळती, पण मोटारीवर ओझं पडतं."

दोघांनी गाडी, उरलेल्या मोटारीचं खोकं आणि सुट्या चाकांची डबी पिशवीत घातली आणि सायकल हाणली ती थेट हायवेच्या दुकानाकडे. मच्छिंद्रचे वडील बद्रीनाथ मिस्त्री तिथं विहिरींच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देत. त्यांनी ती चिमुकली मोटार तळहातावर घेतली आणि हरखून गेले.

"तीन वायरी! ना कार्बनचे ब्रश, ना त्यांचं घासणं! पोरांनो, हे तर आपल्या विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीचं पिल्लू हाय! वर सातशे वॅट लिहिलंय. अन् खोक्यातला कागद कुठंय?"

कागद इंग्रजीत होता, मुंगीएवढ्या अक्षरांत. बेबीनंदा एकेक शब्द लावत गेली आणि एकदम ओरडली, "काका! सातशे फक्त पंधरा सेकंद! सतत चालवायची तर अडीचशेच! अन् तेबी उडत्या इमानाला लावली तर, त्याच्या पंख्याच्या वाऱ्यात!"

"अन् तुम्ही तिला टपाखाली कोंडली! जीव गुदमरल न्हाई तर काय!"

मिस्त्रींनी तेच एकवीस दात्यांचं चाक लावून नवी मोटार गाडीत बसवली, स्पर्धेसारखी दोन विटांची ट्रॉली मागं जोडली आणि बॅटरीच्या वायरीला करंट मोजायचा चिमटा लावला. "वीसच सेकंद पळवा. जास्त न्हाई!"

चिमट्यावर चाळीस अँपिअर आले. बॅटरी अकरा व्होल्टची. बेबीनंदानं जमिनीवर खडूनं गुणाकार केला. "चारशे चाळीस वॅट! अडीचशे पेलणारीकडून!"

मग डबीतलं तेरा दात्यांचं चाक बसवलं. बावीस अँपिअर. दोनशे बेचाळीस!

"आता बराबर!" मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी टपाला पुढून-मागून भोकं पाडून वाऱ्याला वाट करून दिली.

सकाळी जालन्याला निघालेल्या जीपजवळ बेबीनंदानं सगळ्यांसमोर विचारलं, "सर, एकवीस दात्यांचं चाक कोणी बसवलं?"

सरांचे कान लाल झाले. "मी. परवा जेवणाच्या सुट्टीत, अन् दुसरी मोटार बसवतानाबी तेच लावलं. म्हटलं, जोरात पळंल."

"अन् मोटार पेलल का न्हाई, ते?"

"अगं, आमच्या विहिरीवरच्या मोटारीला वर पट्टी तीन एचपीची अन् आत ताकद पाचाची! बिल कमी यावं म्हणून गावात सगळ्यांच्याच तशा. मला वाटलं, इथं सातशे लिहिलंय म्हंजे आत हजार तरी असतील!"

मच्छिंद्र पोट धरून हसला. "सर, पंपाची पट्टी कमी सांगती, खेळण्याची जास्त!"

बेबीनंदा हसली नाही. सरांनी मान खाली घालून रिमोट तिच्या हातात दिला.

जालन्यात मस्तगडच्या मैदानावर दोन विटा ओढत दहा मिनिटं चढावर फेऱ्या मारायच्या होत्या. बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या. लाल गाडी आपली रमतगमत.

"ए बैलगाडी! चारा घाल तिला!" पोरं ओरडली.

"जल्दी कर ना!" मच्छिंद्रही कळवळला.

"बिलकुल न्हाई!" बेबीनंदाचं बोट खटक्यावरून तसूभर हललं नाही.

सहाव्या मिनिटाला एका गाडीतून धूर निघाला. आठव्याला दुसरी बसली, मग एकेक करत बाकीच्या. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मैदानावर लाल गाडी एकटीच चालत होती!

पाहुणे म्हणून आलेले म्हातारे इंजिनिअर पुढं आले. "किती वॅटची मोटार?"

सर म्हणाले, "तिला विचारा."

"वर लिहिलेत सातशे," बेबीनंदा म्हणाली. "आमच्या गाडीत दोनशे बेचाळीस. मोजून घेतले."

"शाब्बास! कॉलेजातली पोरं मला नुसता वरचा आकडा वाचून दाखवतात! अन् तू मोजून आलीस!" इंजिनिअर म्हणाले. स्पर्धा बघायला आलेल्या बद्रीनाथ मिस्त्रींनी तर शिट्टीच मारली.

कामाचा खाडा करून आलेली प्रभावती कडेला उभी होती. सर तिच्याकडे गेले, हात जोडले. "ताई, मोटारी मी जाळल्या. तुमच्या पोरीवर उगाच आळ घेतला. माफ करा."

प्रभावतीनं पदर सावरला. "मला कशाला सांगता, सर? तिला सांगा. अन् चारचौघांत सांगा. निरोप तसाच आल्ता."

सर वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बेबीनंदा, चूक माझी व्हती."