तिसऱ्या जागेवर केशव

दुपारी तीनच्या सुमारास केशव गणवीरचे नाव पडद्यावर आले. केशव बेपत्ता होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. ही गोष्ट यंदाच्या, १९८९च्या मे महिन्यातली.

प्रताप नगरातले त्यांचे घर लहान. समोरच्या खोलीत मोठा संगणक, मधल्या खोलीत छोटा, दोघांना जोडणारी एक काळी केबल भिंतीच्या कडेने गेलेली. केशव आणि त्याची बायको प्रेमिला घरी बसून एका बियाणे कंपनीच्या विक्रीचे आकडे भरत. सगळ्या फायली मोठ्या संगणकात असत. त्या उघडायला ज्याने त्याने आपले नाव आणि पासवर्ड द्यायचा. कोण आत आहे आणि कोणत्या जागेवरून, ते मोठ्या संगणकाच्या पडद्यावर दिसे. जागा दोनच होत्या: मोठ्या संगणकाची पहिली, मधल्या खोलीतली दुसरी.

मार्चात केशव मनीषनगरातला एक प्लॉट पाहायला स्कूटरवर निघाला. स्कूटर रेल्वे फाटकाजवळ स्टँडवर लावलेली मिळाली, किल्ली तिलाच होती. पोलिसांतली तक्रार मीच लिहून दिली होती. केशव आणि मी एका शाळेतले.

प्रेमिलाचा फोन आला म्हणून मी वर्तमानपत्राच्या कचेरीतून बातमी अर्धवट सोडून गेलो. दार नुसते लोटलेले होते. केशवच्या आईचा, सिंधूताईंचा, तसा नियम होता: घरातले माणूस बाहेर असेल तोवर कडी लावायची नाही. दोन महिने त्या घराला रात्रीही कडी नव्हती.

संगणक बसवून देणारा नानाजी समोर घामाघूम बसला होता. कूलर चालू होता.

"मशिनी दोन अन् जागा तीन," तो म्हणाला. "तिसरी मी बसवलीच नाही, भाऊ. तिचं बिलबी दिलं नाही मी."

कोणी हसले नाही. पहिल्या जागेवर नानाजी, दुसऱ्यावर प्रेमिला, तिसऱ्यावर केशव.

आम्ही केबल हाताने चाचपत गेलो. मधल्या खोलीत ती संपत होती. टोकाला धातूचे टोपण घट्ट बसवलेले होते. घराबाहेर काहीच जात नव्हते. नानाजीने छोटा संगणक सोडवला आणि उचलून समोरच्या खोलीतल्या खाटेवर आणून ठेवला. पडद्यावरून प्रेमिलाचे नाव गेले. केशवचे राहिले.

"जुनं नाव अटकते कधी कधी," नानाजी म्हणाला. "खराबी हाय. दुसरं काही नाही."

"त्याले निरोप धाडता येते काय गा?" सिंधूताईंनी विचारले.

येत होता. नानाजीने टाईप केले: केशव, कुठे आहेस? निरोप तिसऱ्या जागेवर पोचला, असे संगणकाने कळवले. उत्तर आले नाही.

केशवचे वडील वामनराव इतका वेळ दाराशी उभे होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून ते निवृत्त झालेले. आयुष्यभर स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या.

"पोराच्या नावानं कोणीतरी तमाशा करून राहिलं," ते म्हणाले. "किल्ली हरवली की आपण कुलूप बदलत होतो. बदल गा नानाजी."

नानाजीने केशवला बाहेर काढले आणि त्याचा पासवर्ड बदलला. नाव गेले. वामनराव खुर्चीत बसले.

मग पडद्यावर खाली एक ओळ उमटली. केशव, तिसरी जागा, पासवर्ड चुकला.

पुन्हा तीच ओळ.

"अटकलेलं नाव पासवर्ड टाकत नाही, नानाजी," मी म्हणालो. नानाजीने की-बोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले होते.

"जुना पासवर्ड टाकून राहिले ते," प्रेमिला म्हणाली. "बाबा, त्यांना आत घ्या. जुनाच लावा."

"जुना कोणता?" नानाजीने विचारले.

तो केशवलाच ठाऊक होता. संगणक कोणाचाच पासवर्ड दाखवत नसे. आणखी थोड्या चुका झाल्या की नाव आपोआप बंद पडेल, असे नानाजी म्हणाला. प्रेमिलाने सुचेल ते सांगितले: स्वतःचे नाव, लग्नाची तारीख, स्कूटरचा नंबर. कोणता खरा, हे कळायला मार्ग नव्हता.

ओळ पुन्हा उमटली. या वेळी बऱ्याच वेळाने.

"दोन महिने कडी लावली नाही म्या," सिंधूताई नवऱ्याला म्हणाल्या. "अन् तो दारात आला तं तुम्ही कुलूप लावलं."

वामनराव खुर्चीतून उठले. "काढ गा," ते म्हणाले. "कुलूपच काढून टाक."

"मंग कोणीबी येईल, काका. नुसतं नाव सांगितलं का झालं."

"येऊ दे."

नानाजीने पासवर्ड काढून टाकला.

काही झाले नाही. कूलरच्या पाण्याचा थेंब बादलीत पडत होता.

मग नाव आले.

केशव. जागा दुसरी.

दुसऱ्या जागेचा संगणक आमच्यामध्ये खाटेवर होता. त्याची वायर गुंडाळून त्याच्यावरच ठेवलेली होती.

मधल्या खोलीच्या दारावर पडदा होता. आम्ही सगळे तिकडे पाहत होतो. सिंधूताई तेवढ्या उठल्या. त्या उलट दिशेने गेल्या, बाहेरचे दार ओढले आणि कडी लावली.

मी आणि नानाजी बाजूच्या स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरलो.

पोलिसांत केशवचा तपास चालू आहे. गेल्या आठवड्यात भर दुपारी मी त्या दारावर थाप दिली. प्रेमिला आतून बोलली.

"कडी काढता येत नाही, भाऊजी. आई म्हणतात, सगळे घरात आहेत."

"केशव आहे?"



"जे आलं, ते नाव तं त्यांचंच सांगते," ती म्हणाली.