न पाहता दिलेला नकार

वीज गेली आणि त्या अंधाऱ्या दालनात कुणीतरी दामिनीचा हात घट्ट धरला.

"बाप्पा!... हा हलला काय?"

आवाज पुरुषाचा होता, घाबरलेला होता, आणि 'हा' म्हणजे समोरचा बिबट्या होता. फायबरचा. काटेपूर्णा तलावाच्या काठी असलेल्या निसर्ग परिचय केंद्रात, सिमेंटच्या खडकावर, तो दात विचकून कायमचा उभा होता.

"तो नाही हलला," दामिनी म्हणाली. "तुम्ही हललात. आणि... हा हात माझा आहे."

चटका बसावा तसा हात सुटला.

"माफ करा मॅडम. मले वाटलं कठडा हाय."

"कठडा?"

"म्हंजे..." अंधारात तो अडखळला, "मऊ कठडा."

तिला हसू आवरेना. तेवढ्यात वनरक्षक शालिकराम आले आणि त्यांनी एकेक करून खिडक्या उघडल्या. डिसेंबरचं कोवळं ऊन आत आलं. मग तिला तो दिसला. उंच, उन्हानं रापलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, कान लाल झालेले. आपल्याकडे बघावं की बिबट्याकडे, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"लाइन काही लवकर येत नाही," शालिकराम म्हणाले. "आतले खोटे पाहून काय करता? तलावाच्या बांधावर, पाळीवर जा. हंस उतरले हायेत." त्यांनी केंद्रातली एकुलती एक दुर्बीण काढून दामिनीच्या हाती दिली. "दोघांत वापरा."

दोघांत! दोघांनीही एकाच वेळी सांगायला तोंड उघडलं, की आम्ही बरोबर नाही आलो. आणि न सांगताच दोघं पाळीकडे निघाली.

दामिनी अकोल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. सहावीची सहल इथं आणावी असं तिच्या मनात होतं, म्हणून रविवारी एकटीच जागा पाहायला आली होती. पाण्याजवळ उतार किती आहे, पोरांना डबे खायला सावली कुठे आहे, हे ती बघत चालली होती. तो चार पावलं मागे होता. मग तीन. मग कधीतरी शेजारी.

"कुलदीप," तो म्हणाला. "वरूडचा. सकाळी अकोल्याच्या बाजारात संत्री उतरवली. आज घरी जाची घाई नवती. म्हनलं, झाडं सोडून दुसरं काही पाहावं."

"आणि पाहायला जंगलात आलात?"

"चुकलंच थोडं," तो हसला. मग तिनंही शाळेचं आणि सहलीचं सांगितलं.

तलाव निवांत पसरला होता. पलीकडच्या काठाला, गाळाच्या पट्टीवर, राखाडी पक्ष्यांचा थवा बसला होता. दामिनीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. पांढऱ्या डोक्यांवर दोन-दोन काळे पट्टे, जणू काजळाचं बोट ओढलेलं. आतल्या फलकावर तिनं वाचलं होतं, हे हिमालय ओलांडून येतात. तिनं ते कुलदीपला सांगितलं आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली. तिचा गॉगल केसांवरून घसरला, तो त्यानं हवेतच झेलला आणि न बोलता परत दिला.

तो बराच वेळ बघत राहिला.

"एवढ्या दुरून येतात," तो हळूच म्हणाला, "अन् इथं वरूनच पाहून ठरवत असतील, उतराचं का नाही ते."

"उतरले की. म्हणजे आवडलं असेल."

"पाहून ठरवतात ना पन. हे बरं हाय."

त्या बोलण्यात काहीतरी सलत होतं. काय, ते तिला तेव्हा कळलं नाही.

तो गाडीतून संत्री घेऊन आला. दोघं पाळीच्या दगडावर बसली. त्यानं साल एका नागमोडी फितीसारखं सोललं आणि फळ तिच्या पुढे धरलं. वास दरवळला, बोटांना लागला, वाऱ्यावर गेला. ती खात होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता... निकाल लागायचा असावा तसा.

"गोड आहे," ती म्हणाली. "अगदी... गोड."

"थांबले काहून मधातच?"

"शब्द शोधत होते."

"शायेत शिकवता, अन् शब्द शोधा लागतात?"

"काही वेळा लागतात," ती म्हणाली, आणि उगीचच पाण्याकडे पाहिलं.

मग गप्पा निघाल्या. त्याच्या बागेच्या, तिच्या पोरांच्या, एका झाडावर रुसलेल्या त्याच्या आईच्या. ते झाड दोन बहार फळलं नव्हतं म्हणून मनकर्णाबाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. दामिनी खूप हसली. हसता हसता तिनं विचारलं, "लग्न नाही झालं तुमचं?"

"कोन करते? पोराले नोकरी पायजे. चपराशी चालते, बागाईतदार नाई चालत." तो चेष्टेतच सांगत होता. "मागच्या उन्हाळ्यात तर मजाच झाली. मूर्तिजापूरच्या वामनरावांनी एक स्थळ सांगतलं. अकोल्याची मास्तरीन. माहा फोटो पाठवू का म्हनून त्यांनी इचारलं, तं बाई म्हने, शेतकरी हाय ना, मग फोटो काहून पाठवता?"

दामिनीच्या हातातली फोड हातातच राहिली.

वामनराव म्हणजे तिचे मामा. ते फोनवर बोलत होते तेव्हा ती उत्तरपत्रिका तपासत होती. मान वर न करता ती ते वाक्य बोलली होती, आणि दुसऱ्या मिनिटाला विसरली होती.

समोर पाण्यावर ऊन चमकत होतं. गप्प बसणं सोपं होतं. तो हसत होता, संत्र्यांची पिशवी अजून अर्धी भरलेली होती, दिवस छान चालला होता. न सांगता निघून गेलं तर त्याला कधीच कळलं नसतं. पण मग पुढे तो जे काही बोलेल, ते सगळं तिनं चोरून ऐकल्यासारखं झालं असतं.

"कुलदीप," ती म्हणाली, "ती मास्तरीण मी आहे."

तो आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"माझी आई फुलं पिकवते," दामिनी भराभर बोलू लागली. शाळेतली भाषा कधी गळून पडली ते तिलाही कळलं नाही. "झेंडू, शेवंती. बाबा गेल्यावर मायनं एकटीनं केलं सगळं. पहाटे फुलं तोडाची, बाजारात बसाची, हिवाळ्यात बोटं फुटाची तिची. मी लहानपनापासून पाहून राहिली. मले ते जगनं नको होतं. म्हनून..."

"कारन खोटं नाई तुमचं," तो म्हणाला. आवाज शांत होता, आणि त्या शांतपणानंच तिला टोचलं. "माह्या मायचे हात पाहिले तं मीबी माही पोरगी शेतकऱ्याले देनार नाई. पन नाई म्हनाच्या आधी एकदा पाहाले पायजे होतं... फोटो तरी."

"हो."

"येतो मी."

तो उठला. संत्र्यांची पिशवी तिच्याजवळच राहू दिली. पाळीवरून जाताना त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दामिनी तिथंच बसून राहिली. मग थवा उठला, पंखांचा मोठा आवाज झाला, पण ती दुर्बीण डोळ्यांना लावायची विसरली.

त्या महिन्यात पुण्याचं एक स्थळ घरी येऊन गेलं. मुलगा चांगला होता. चांगलं बोलला, मोबाइल उलटा ठेवून बोलला. दामिनीनं त्याला नीट पाहिलं, नीट ऐकलं, आणि नाही म्हटलं.

गंगूबाई शेवंतीचे हार ओवत होत्या. सुई थांबली.

"काहून? काय कमी हाय त्याच्यात?"

"काहीच नाही. मले दुसरा एक मुलगा पाहायचा आहे, माय. वरूडचा. संत्र्याचा बाग आहे त्याचा."

"डोकं फिरलं काय तुह्यं?" गंगूबाईंनी हार बाजूला टाकला. "म्या हे हात दाखवून दाखवून तुले शिकवलं. मातीत जाशीन?"

दामिनी आईजवळ जमिनीवर बसली. फुलांचा ढीग दोघींच्या मध्ये होता.

"माय, खरं सांग. तुले शेती नाई आवडत?"

गंगूबाईंनी एक फूल उचललं, देठ खुडला, पुन्हा ठेवलं.

"आवडत नसती तं केली असती काय एवढी वर्सं?" त्या शेवटी म्हणाल्या. "तुहा बाप होता तवाबी मी एकटीच करो. त्यानं कधी हाराले सुई धरली नाई. शेतीनं नाई थकली मी, पोरी. एकटेपनानं थकली."

संध्याकाळी दामिनीनं मामांना फोन लावला.

"वरूडला कळवा मामा. आम्ही येतोय."

"मुलगी दाखवाले?" वामनराव खूश झाले. "आपन कायले जाचं, ते येतीन ना!"

"मुलगी दाखवायला नाही. मुलगा पाहायला."

मामांनी ते तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग मामा म्हणाले, "असं असते काय?" आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "असाले काय हरकत हाय?"

फेब्रुवारीत मायलेकी गेल्या. संत्र्याच्या झाडांना आंबिया बहार फुटला होता. वरूडच्या अलीकडे रस्त्यावरच वास लागला, आणि गंगूबाईंनी एसटीची खिडकी पूर्ण उघडली. फुलांतच जन्म गेलेली बाई, पण तो वास त्यांनाही नवा होता.

मनकर्णाबाईंची धांदल उडाली होती. मुलगा पाहायला आलेल्यांना कुठं बसवायचं, कुंकू कुणी कुणाला लावायचं, सगळंच उलटं झालं होतं. मग आतून ट्रे घेऊन कुलदीप आला. कप बशीत किणकिणत होते. त्यानं मान वर केली नाही.

"चहा कोनं केला?" गंगूबाईंनी विचारलं.

"मी... मीच."

"रोज करता, का आज आमी आलो म्हनून?"

"तो रोजच करते," मनकर्णाबाई मध्येच बोलल्या. "अन् फवारनीच्या दिवशी भाकरी मी थापते, पिठलं तो करते. खारट करते, पन करते."

गंगूबाईंनी एक घोट घेतला. मुलीकडे पाहिलं. "मुलाले बोलू द्या पोरीसंग," त्या म्हणाल्या. "आमी तवर झाडं पाहून येतो."

बागेत पांढरी फुलं पायाखाली सांडली होती. मधमाश्यांची गुणगुण सगळीकडे होती. दोघं एका रांगेतून चालू लागली.

"त्या दिवशी तुम्ही निघून गेलात," दामिनी म्हणाली. "मला वाटलं, राग आला."

"राग नवता आला." तो एका झाडाजवळ थांबला. फांदी उगाचच सरळ केली. "मनात आलं, ही पोरगी मले आवडून राहिली... अन् हिनं मले आधीच नाई म्हनून ठेवलं हाय. मंग बसून काय करू?"

दामिनीनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. 

"आता नीट पाहिलं," ती म्हणाली. "मुलगा पसंत आहे. मुलाचं काय म्हणणं आहे?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली, आणि कान पुन्हा तसेच लाल झाले. "मुलाची हो हाय."

"माझी नोकरी अकोल्याला आहे. ती मी सोडणार नाही. बदली कधी होईल, सांगता येत नाही."

"सोडू नका. तवर मी येत जाईन. बाजारात संत्री न्यावीच लागतात."

"आणि हंगाम संपल्यावर?"

तो विचारात पडला. खरोखरच विचार करत होता. "तवा," तो म्हणाला, "रिकामी गाडी घेऊन येईन."

झाडांच्या रांगेपलीकडे दोघींच्या आवाजाचा गलका येत होता. गंगूबाई पाण्याचं विचारत होत्या, मनकर्णाबाई खताचं सांगत होत्या. हाक आली, "दामिनी, चाल वो! गाडी सुटीन!"

घराकडे जाणारी पायवाट समोरच होती. दामिनीनं तिच्याकडे पाहिलं, मग उजवीकडे, बांधावरून वळसा घेत गेलेल्या वाटेकडे.

"इकडून गेलं तर लांब पडतं का?"

"लयच लांब पडते," कुलदीप म्हणाला, आणि त्याच वाटेनं निघाला.