नाताळच्या सुट्टीतला हुंकार

सिंधु गेल्याचा फोन आला तेव्हा मन्मथ रेणापुरात एका घराला गिलावा करत होता. त्यानं हातातली थापी धुऊन ठेवली आणि मोटारसायकल काढली. लातूरला पोचेतो सगळं आटोपलं होतं. त्याची बायको सिंधु मिशनच्या शाळेत सेविका होती. नाताळचे कागदी तारे लावता लावता खाली बसली, ती उठलीच नाही. मोठ्या सिस्टरनं तिची पिशवी त्याच्या हातात दिली. आत डबा, शाल आणि शाळेच्या वाचनालयातलं एक जाड पुस्तक. सुट्टी संपली की आणून द्या, घाई नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

सिंधूला वाचायचा भारी नाद. दर नाताळात ती एक पुस्तक घरी आणायची आणि दुपारी अंगणातल्या उन्हात मोठ्यानं वाचायची. मन्मथची शाळा चौथीतच सुटलेली. त्याचं काम हुंकार द्यायचं. गोष्ट ऐकणाऱ्यानं हूं म्हणत राहायचं, हूं थांबलं की गोष्टही थांबते, ही जुनी रीत. त्याला डुलकी लागली की सिंधु तिथंच पुस्तक मिटायची.

यंदा मात्र तिनं दिवाळीतच बजावलं होतं, "अवो, या नाताळात तुमी वाचायचं. मी हूं म्हणते. मला एकदा नुसतं बसून ऐकायचं हाय."

त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं.

पाहुणे पांगल्यावर तो पुस्तक घेऊन उन्हात बसला. सुट्टी संपायच्या आत ते पुरं करायचं, एवढंच त्यानं ठरवलं. बोट ठेवून, अक्षर जुळवत पहिला परिच्छेद कसाबसा संपवला.

"हूं," असं कुणीतरी म्हणालं.

भिंतीपलीकडच्या गौसियाभाभी असतील म्हणून त्यानं हाक मारली. भाभी पार गच्चीवरून ओरडल्या, की मी इथं कपडे वाळत घालतेय.

दुसऱ्या दिवशी एक अवघड जोडाक्षर त्यानं गुपचूप गाळलं. हूं आलं नाही. पुढं वाचलं, तरी नाही. तो मागं आला, तो शब्द फोडून फोडून नीट म्हटला. तेव्हा आलं. उंबऱ्यापासून, जिथं सिंधु तुरीच्या शेंगा सोलायला बसायची तिथून.

भ्यायला हवं होतं. पण भ्याला असता तर पुस्तक राहिलं असतं. त्यानं पान उलटलं.

आईच्या अंत्यविधीला येऊन गेलेली मुलगी ऋतुजा नांदेडहून पुन्हा सुट्टीला आली. बापाचं काय चाललंय ते बघायला समोर बसली. त्यानं एक पान वाचलं. हूं आलं. तिनं बापाच्या ओठांकडं बघितलं. ओठ मिटलेले होते.

तिनं आत जाऊन आईची शाल आणली आणि उंबऱ्यावर अंथरली.

शेवटचं पान त्यानं बोट न ठेवता वाचलं. आवाज पार गल्लीपर्यंत गेला. गच्चीवर भाभीचे हात थांबले. पुस्तक मिटलं, तेव्हा उंबऱ्यावरून लांबलचक, समाधानाचं हूं आलं.

ऋतुजानं पेढे आणले. "आप्पा, पास झालात."

"फर्स्ट क्लास में," भाभी वरून म्हणाल्या.

सगळ्या गल्लीला पेढे गेले. शाळा उघडली तशी मन्मथनं ताठ मानेनं पुस्तक सिस्टरच्या टेबलावर ठेवलं. "वाचलं. सगळं वाचलं," म्हणाला. वर दुसरं मागून घेतलं, पहिल्याहून जाड.

ऋतुजा सकाळीच नांदेडला परतली होती. तो एकटाच घरी आला. फाटक उघडतानाच त्याला ऐकू आलं.

हूं.

तो अजून बसलाही नव्हता.

थोडा वेळ गेला. एक परिच्छेद वाचायला लागतो, तेवढाच. पुन्हा हूं.

वाचणाऱ्याचा आवाज नव्हता. पण वाचणारा कुठं अडखळत नव्हता. मध्येच एकदा सिंधु हलकंसं हसली.

नवं पुस्तक अजून पिशवीतच आहे. तिला कोण वाचून दाखवतंय, ते मन्मथनं अजून विचारलेलं नाही.