बंद बरणीतला घेवडा

"चोरी झालीय," थोरली म्हणाली, "आणि चोरीला काहीच गेलं नाही."

हेरबाईंनी चष्मा पुसला. शेजारी त्यांच्या बहिणीचे यजमान, दाजी, मदतनीस म्हणून बसले होते. पहिलंच वाक्य त्यांच्या डोक्यावरून गेलं.

प्रकरण असं होतं. सासूने जाताना थोरलीच्या हाती जुन्या घेवड्याच्या बियांची बरणी आणि कोठीची किल्ली दिली होती. आता एक बियाणे कंपनी नुसत्या वर्णनावरून तोच घेवडा आपला म्हणून नोंदवायला निघाली होती. हरकत घ्यायची तर सोमवारी कार्यालयात जिवंत बी दाखवायचं. नाहीतर गावाला स्वतःचाच घेवडा पेरायला कंपनीची परवानगी लागणार. थोरलीने ओल्या फडक्यात बी बांधून पाहिलं. एकालाही मोड आला नाही.

"कुणीतरी बी बदललंय! सासूबाईंनी दिलं तेव्हा दाणा दुधासारखा होता. आता बघा, तपकिरी!"

"कुलूप?"

"शाबूत. झाकणाचं मेणही शाबूत. धाकटी जाऊ घरात आली, मग कंपनीवाले घिरट्या घालू लागले, तेव्हा लावलं होतं मी. वर माझ्याच अंगठ्याचा ठसा."

"म्हणजे चोर आत आलाच नाही, आणि बी बदललं?" दाजींनी डोकं खाजवलं. "मेहुणीबाई, मी आपला चहा सांगतो."

कंपनीवाला सदऱ्याला इस्त्री करून आला होता. "मी कशाला चोरू? दर वर्षी बी मागितलं, बाई देत नाहीत. दर हंगामात त्यांच्या शेताभोवती फिरलो. त्या घेवड्याचा एक वेल दिसेल तर शपथ!"

"हाच चोर," दाजी कुजबुजले.

मग धाकटी आली, तीच मुळी फणकारत. "सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या. मी तो घेवडा ना शेतात पाहिला, ना ताटात. ताई तर माझ्यासमोर त्याचं नावही काढत नाहीत. आणि कौतुक तरी कसलं मेलं! कोवळ्या शेंगेचा दोरा काढावा लागत नाही, एवढंच ना?"

"आता हीच चोर वाटते," दाजी म्हणाले. "की दोघं मिळून? छे, माझं डोकं चालेना."

हेरबाईंनी सगळ्यांना कोठीत बोलावलं.

"बी कुणी बदललं नाही. ते म्हातारं झालं. घेवडा वर्षानुवर्षं ठेवला की तपकिरी पडतो. मेण शाबूत, शेतात वेल नाही. थोरल्या बाई, तुम्ही हे कधी पेरलंच नाहीत."

"पेरणार कसं? या दोघांनी शेंगा तोडून नेल्या असत्या! दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी पेरू..." थोरली मटकन खाली बसली. "म्हणजे मीच मारलं?"

हेरबाईंना तिची फार दया आली. "पण एक चोरी झालीय," त्या म्हणाल्या, "आणि झाली ते फार बरं झालं. धाकट्या बाई, जो घेवडा तुम्ही कधी पाहिला नाहीत, ज्याबद्दल कुणी बोललं नाही, त्याच्या शेंगेला दोरा नसतो हे तुम्हाला कसं कळलं?"

धाकटीचा चेहरा पडला.

"मूठभर घेतलं होतं," ती म्हणाली. "नवी नवरी होते, मेण लागायच्या आधी. ताई कोठी उघडी ठेवून विहिरीवर गेल्या होत्या. ताईंना आधी मागितलं होतं, त्या नाही म्हणाल्या. मग माहेरी आईला नेऊन दिलं. आता अख्खी आळी लावते. रोज वाटायचं सांगावं, पण चोर ठरले असते."

कंपनीवाल्याने हळूच दार गाठलं.

थोरली उठली. जावेच्या थोबाडीत द्यावी की तिला पोटाशी धरावं, तिला काही केल्या उमजेना. तिने हात उचलला, तसाच खाली घेतला आणि रडूच लागली. "चोरटी मेली! सोमवारच्या आत आणशील ना गं?"

"मी नाही आणणार, ताई. तुम्हीच चला."

"मी? आणि मला कोण देईल? मी कधी कुणाला दाणा दिला नाही."

"कुणीही देईल," धाकटी म्हणाली. "तिथं फक्त मागावं लागतं."

थोरलीने डोळे पुसले आणि चपला शोधू लागली.