अडलेली पुली

"बाय, जरा ही पहार धरता का?"

पाचूबंदरच्या वाळूवर, पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पलीकडून हाक आली. रोझलीन डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन चालली होती, ती थबकली. माडाच्या झापांचं ते छप्पर तिच्याच सासऱ्याचं. पण खाली बसलेला माणूस अनोळखी होता... कोपरापर्यंत काळे हात, आणि समोर दोन ओंडक्यांवर ठेवलेलं मोटारीचं इंजिन.

"कोन तुमी?"

"क्लेमेंट. भुईगावचा. स्टेशनजवळच्या गॅरेजात काम करतो. फ्रेडरिकबाबांनी बोलावलंय." त्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "हाताखाली कुणी यायला तयार नाही. सगळे म्हणतात, म्हाताऱ्याला वेड लागलंय."

"मी त्यांची सून."

क्लेमेंटच्या हातातला पाना खाली पडला. तो असा काही ओशाळला, की रोझलीनला हसू आलं. आपण हसलो हे तिच्या जरा उशिरानेच लक्षात आलं. तिने पाटी उतरवली आणि पहार उचलली.

फ्रेडरिकबाबांनी गोखिवऱ्याहून एका मोडक्या मोटारीचं इंजिन बैलगाडीत घालून आणलं होतं. ते होडीत बसवायचं होतं. बंदरातल्या होड्या तेव्हा शिडावरच चालत. पण इंजिनाच्या तोंडाशी जी पुली होती, तिच्यामागून तेल गळत होतं. आतलं सील बदलायचं तर आधी पुली दांड्यावरून काढायला हवी. आणि खाऱ्या हवेने ती गंजून दांड्याला घट्ट धरून बसली होती.

"पहार त्या मागच्या चाकाच्या दातांत अडकवा," क्लेमेंट म्हणाला. "इंजिन फिरू द्यायचं नाही. मी इकडून नट सोडतो."

"किती जोर लावू?"

"माझ्याइतका तरी."

"तेवढाच? मंग सोपं हाय."

नट त्या दुपारी सुटला. पुली मात्र हलली नाही.

क्लेमेंट मग रोज येऊ लागला. पुलीच्या सांध्यात रॉकेल ओतायचा, पुली ओढून काढायच्या पुलरचे तीन पाय तिच्या कडेला अडकवायचा, मधला स्क्रू पिळायचा. रोझलीन पलीकडे पहार धरून उभी. झापांवर सरी वाजत, वाऱ्याबरोबर तुषार आत येत आणि तिच्या केसांवर बसत. जोर लावताना तो खालचा ओठ दातांत धरतो, हे तिला न बघताही कळायला लागलं होतं.

"हातोडी हाना ना एक," ती एकदा म्हणाली.

"बिडाची आहे, फुटेल. हिला समजावतच काढायला हवी."

"आनि न्हाय समजली तर?"

"तर मी उद्या परत येईन."

"मंग... तिला तरी कसली घाई?"

बोलून गेली आणि तिने चटकन समुद्राकडे तोंड फिरवलं. क्लेमेंटने पुलरचा स्क्रू एक आटा उलटा फिरवला.

त्याच दिवशी, निघता निघता त्याने विचारलं, "बाबा या वयात इंजिन लावून असे किती मासे पकडणार?"

"माशांसाठी न्हाय." तिने पहार खाली ठेवली. "बेसिलला शोधायला. माझ्या नवऱ्याला."

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बेसिलची होडी लांब गेली होती. वारा पडला. शिड लोंबकळत राहिलं आणि मागून वादळ आलं. बरोबरचे दोघे अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागले, मेलेले. बेसिल लागला नाही. प्रेत नाही म्हणजे पोरगा जिवंत आहे, असं बाबांनी धरलं ते धरलंच. बेसिलच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, कधी करायची ते विचारायला आलेल्या फादरना त्यांनी दारातून परत पाठवलं.

"फादर म्हनतात, घरच्या मोठ्यांनी साक्ष दिल्याबिगर त्याला मेलेल्यांत लिहिता येत न्हाय."

"म्हणजे तुम्ही..."

"मी लग्नाची बाई हाय. नवरा तेवढा न्हाय."

क्लेमेंटने पुलीवर हात ठेवला. तो हळूच म्हणाला, "मग ही पुली मी काढू... की नको?"

"काढा. न्हाय काढली तर बाबा शिडावर जातील."

दुसऱ्या दिवशी त्याने ब्लोलॅम्प आणला. निळी ज्योत पुलीभोवती फिरवली, पुलर आवळला, पुन्हा ज्योत धरली. रोझलीनने अंगातला सगळा जोर पहारीवर टाकला. फाटकन आवाज झाला आणि पुली सुटून वाळूत पडली. पावसाचे थेंब तिच्यावर चरचरले.

दोघांपैकी कुणालाच आनंद झाला नाही.

"निघाली," तो म्हणाला. "आता उद्या यायला कारण राहिलं नाही."

"इंजिन होडीत बसवायचं हाय."

"आणि बसवून झाल्यावर? रोझलीन, मला तुला..."

"बोलू नका." तिने पहार वाळूत रोवली. "मला उत्तर द्यायचा हक्क न्हाय."

पाऊस सरला. होड्या पाण्यात गेल्या. बाबांना इंजिन सांभाळणारा माणूस हवा होता, आणि क्लेमेंटखेरीज ते कुणालाच येत नव्हतं. तो होडीत चढताना रोझलीन कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.

"पोहता येतं?" तिने विचारलं.

"बागेतल्या बावखलाच्या तळ्यात येतं."

ती हसली नाही.

दिवसभर ती वाळूवर बसून होती. ऊन उतरताना फटफट आवाज ऐकू आला. होडीत दोनच माणसं होती. फ्रेडरिकबाबा उतरले, तिच्याजवळून पुढे गेले आणि ओल्या कपड्यांनिशी फादरांच्या देवळाच्या वाटेला लागले.

"काय झालं?" तिने क्लेमेंटला विचारलं.

"खूप लांब गेलो. वारा समोरून होता तरी. बाबांनी इंजिन बंद करायला लावलं आणि चारी बाजूंना बघत बसले. मग म्हणाले, इथून वाऱ्याबिगर कोन परत येनार? टोपी काढली. मला म्हणाले, घरी चल."

रोझलीनला दोन वर्षं अडून राहिलेलं रडू तेव्हा आलं. क्लेमेंट तिला शिवला नाही, पण हललाही नाही.

बेसिलच्या मिस्साला अख्खं बंदर आलं. घरी परतल्यावर बाबा खाटेवर टेकले आणि म्हणाले, "पोरी, मी त्याला उगाच जिता ठेवला. तुला पन बांधून ठेवली. तो मेस्त्री भायेर उभा हाय. त्याला चा दे."

ती चहा घेऊन बाहेर आली. काळ्या लुगड्यात ती त्याला एकदम थकलेली वाटली.

"मला बेसिलसाठी रडायचंय अजून," ती म्हणाली. "वरीसभर तरी."

"मी थांबेन."

"नुस्ता थांबून काय करशील? बाबांना होडीवर मानूस पायजे."

ती पहिल्यांदाच त्याला एकेरी बोलत होती. त्याने पेला खाली ठेवला.

"मी दर्यावर गेलेलं तुला चालेल?"

"न्हाय चालनार. रोज जीव जाईल माझा." तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पन तू जा... आनि दिस मावळायच्या आत परत ये."